जिन्याला कठडा नाही

आमच्या जिजीला पडायची भीती बसली आहे, हे आम्हाला बिबड्यांवरून, म्हणजे ज्वारीच्या पापडांवरून, कळलं. दरवर्षी फाल्गुन सरता सरता घरात ज्वारी भिजत पडायची आणि पुढे एखाद्या सकाळी ऊन चढायच्या आत जिजी गच्चीवर जुनं लुगडं अंथरून त्यावर ओळीनं बिबडे घालत बसलेली असायची. दोन वर्षांपूर्वी ती म्हणाली, "आवंदा बिबडा नको. कोन खास आते?" म्हणजे, आता खातं कोण? नातवंडांना कुरकुऱ्यांपुढे बिबडे नकोच असतात, त्यामुळे आम्ही तेवढ्यावर गप्प बसलो. मग हळूहळू एकेक लक्षात यायला लागलं. मारुतीच्या पारावरचं भजन सुटलं होतं. मागच्या गल्लीतल्या बारशाला ती 'कंबर धरली' म्हणून गेली नव्हती. संध्याकाळी पाचनंतर तिनं पाणी पिणंच सोडलं होतं, कारण रात्री उठायला नको.

गंमत अशी की जिजी कधी पडलेलीच नव्हती. पडली होती ती समोरच्या घरातली तिची मैत्रीण. न्हाणीत पाय घसरला, खुबा मोडला, धुळ्याला नेऊन बॉल बसवला आणि परत आणल्यावर सात महिने ती ओसरीतल्या खाटेवर होती. जिजी रोज दिवेलागणीला तिच्याजवळ जाऊन बसायची. पाठीला झालेल्या जखमा तिनं पाहिल्या, भांडं द्यायला सुनेला मारलेल्या हाका ऐकल्या, आणि ती सून हाकेला यायला दिवसेंदिवस कसा जास्त वेळ लावायला लागली, तेही पाहिलं. आठव्या महिन्यात मैत्रीण गेली. जिजीच्या पायांना काही झालं नव्हतं. ती खाट तिच्या डोक्यात येऊन बसली होती.

ही भीती आपण म्हातारपणाचं शहाणपण समजतो, तिचं कौतुक करतो, आणि 'जप, जप' म्हणून तिला खतपाणी घालतो. माझं म्हणणं एवढंच की असं करून आपण म्हाताऱ्या माणसांना पडण्याच्या आणखी जवळ नेतो. आणि ही घराघरातली खासगी बाब म्हणून सोडून देता येणार नाही, कारण त्या भीतीतला बराच भाग आपण बांधलेल्या पायऱ्यांमधून, संडासांमधून आणि गाड्यांमधून आलेला आहे.

आपल्या भाषेनंच हा घोळ करून ठेवला आहे. 'म्हातारी पडली' म्हटलं की ती पाय घसरून पडली असेल, आजारी पडली असेल, नाहीतर अंथरुणाला लागली असेल. 'आप्पा सहा महिन्यांपासून पडून आहेत,' असं आपण सहज म्हणतो. एकाच क्रियापदात अपघातही आहे आणि त्यानंतरचं सगळं परावलंबन आहे. म्हणून एखादी मोठी माय 'मला पडायची भीती वाटते' म्हणते तेव्हा ती हाडाबद्दल बोलत असेलच असं नाही. 'हातपाय चालते आहेत तोवर ने रे बाबा' ही आपल्याकडची घरोघरची प्रार्थना. तिच्यात मरणाची भीती औषधालाही नाही, भीती आहे ती दुसऱ्याच्या हातात जाण्याची.

वैद्यकाला ही भीती तशी उशिरा दिसली. १९८२ मध्ये मर्फी आणि आयझॅक्स यांनी पडून रुग्णालयात आलेल्या वृद्धांचं वर्णन केलं: चालायला उभं केलं की ही माणसं भिंत, पलंग, परिचारिकेचा हात, जे सापडेल ते घट्ट पकडतात. १९९० मध्ये अमेरिकेतल्या मेरी टिनेटी यांनी भीती मोजायची एक प्रश्नावलीच केली. तिच्यात घरातली दहा साधी कामं होती. अंघोळ करणं, अंथरुणातून उठणं, कपडे घालणं, दार उघडायला जाणं, हलका स्वयंपाक करणं, अशी. यातलं प्रत्येक काम न पडता करता येईल असा भरवसा तुम्हाला कितपत वाटतो, एवढंच विचारायचं. पुढे जगभर झालेल्या अभ्यासांतून दिसलं की ही भीती न पडलेल्यांनाही असते. म्हणजे आमची जिजी काही जगावेगळी नाही.

ती यादी वाचताना मला वाटलं, ही खानदेशात करायची तर वेगळी करावी लागेल. चुलीपुढून उठणं. उंबरा ओलांडणं. ओट्यावरून खाली उतरणं, कारण आपल्या ओट्यांची शेवटची पायरी नेहमी गवंड्याच्या मर्जीची असते. वीज गेलेली असताना रात्री अंगण ओलांडून संडासात जाणं आणि तिथे उकिडवं बसून परत उठणं. तापलेल्या फरशीवरून अनवाणी पळत जाऊन स्लीपर पायात सरकवणं. एसटीत चढणं. एसटीतून उतरणं, हा वेगळा मुद्दा आहे, कारण चढताना निदान मागून कोणीतरी ढकलतं. बाजाराच्या दिवशी मोटारसायकलींमधून वाट काढणं. आणि कठडा नसलेल्या जिन्यावरून गच्चीवर जाणं. गावाकडे मातीची धाब्याची घरं गेली आणि स्लॅबची आली तेव्हा बाहेरून जिना सगळ्यांनी काढला. 'कठडा मग करू' असं म्हणून तो जिना तसाच राहिला. एका फेरफटक्यात मोजा, असे किती जिने दिसतात ते.

भीतीनं माणूस पडतो कसा, हे एकदा नीट पाहिलं पाहिजे. भ्यायलेला माणूस पाऊल छोटं टाकतो, अंग ताठ धरतो, नजर पायांवर खिळवतो. ताठ अंगाला तोल सावरता येत नाही. सायकल शिकताना हँडल आवळून धरलेलं पोर हमखास पडतं, तसंच. मग माणूस चालणं कमी करतो आणि बसल्या जागी स्नायू झिजायला लागतात. २००७ सालच्या एका प्रयोगात साठी ओलांडलेल्या धडधाकट लोकांना फक्त १० दिवस अंथरुणात ठेवलं, तर त्यांच्या पायांतलं सुमारे एक किलो मांस कमी झालं. १० दिवसांत! आपण तर कौतुकानं वर्षवर्ष बसवून ठेवतो.

त्यात आपला उन्हाळा. जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या आसपास खेळत असतो, अंगातलं पाणी कमी होतं, आणि रात्री उठायला नको म्हणून म्हातारी माणसं पाणी आणखी तोडतात. पहाटे खाटेवरून एकदम उठलं की रक्तदाब खाली येतो आणि डोळ्यांपुढे अंधारी. त्यावर रक्तदाबाची गोळी, झोपेची गोळी, पुरुषांना प्रोस्टेटची गोळी. या तिन्ही गोळ्यांनी तोल जाऊ शकतो, आणि बऱ्याचदा त्या तीन वेगळ्या डॉक्टरांनी दिलेल्या असतात. जिजीच्या औषधांची पिशवी टेबलावर ओतून 'ही सगळी खरंच लागतात का?' असं आम्ही पहिल्यांदा विचारलं ते मागच्या वर्षी. तोवर कोणी विचारलं नव्हतं, आम्हीही नाही. चष्म्याचंही तेच. दुहेरी भिंगाच्या चष्म्यातून पायरी उतरताना नजर खालच्या, वाचायच्या भिंगातून जाते आणि पायरीची कड धूसर दिसते. म्हाताऱ्या माणसाला जिन्यात भीती वाटते ती दरवेळी मनाची नसते. त्याला ती पायरी खरंच नीट दिसत नसते.

आता आपल्या प्रेमाकडे येऊ. खानदेशातल्या अर्ध्या घरांतली पोरं सुरतेला, पुण्याला, नाशिकला आहेत. माय-बाप गावात. माझ्या ओळखीच्या एका घरात मुलानं ओसरीत कॅमेरा लावला आहे. माय उठली की त्याच्या मोबाइलवर घंटी वाजते आणि तो सुरतेहून फोन करतो: "माय, कसाले उठनी? पडी जाशी ना. बठी राय." त्याचं प्रेम खोटं नाही. पण माय आता पाणी प्यायला उठतानाही आधी कॅमेऱ्याकडे बघते. मला हसू आलं होतं, मग वाईट वाटलं. मी तरी वेगळं काय करत होतो? मी जिजीच्या हातातून तांब्या काढून घेत होतो, तिच्यासाठी ताट खाटेवर नेत होतो, आणि पाहुण्यांना अभिमानानं सांगत होतो की आम्ही तिला काडी उचलू देत नाही.

यावर एक उत्तर येतं आणि ते मोडीत काढण्यासारखं नाही. 'तुम्ही लेख लिहा. उद्या माय पडली तर दवाखाना कोण करणार? सुट्टी कोण टाकणार?' खरं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं पडून दगावतात. अपघाती मृत्यूंत रस्त्यावरच्या अपघातांखालोखाल पडण्याचा नंबर लागतो. खुबा मोडलेल्या वृद्धांपैकी साधारण पाचातला एक वर्षभरात जातो. ही भीती पोकळ आहे असं मी म्हणणार नाही. पण त्याच संघटनेचा दुसरा आकडा सांगतो की ६५ च्या पुढच्यांपैकी वर्षभरात पडतात ते साधारण तिघांतला एक. उरलेले दोघं पडत नाहीत. आपण तिघांनाही खाटेवर बसवतो, आणि काही महिन्यांनी त्या दोघांचेही पाय त्या पडणाऱ्यासारखे करून ठेवतो. शिवाय बसवून ठेवलेला माणूस पडतच नाही असं थोडंच आहे? तो खाटेवरून उठताना पडतो.

श्रावणबाळाचं उदाहरण आपल्या फार अंगवळणी पडलं आहे. सरकारच्या निवृत्तिवेतन योजनेलाही त्याचंच नाव, महिना १,५०० रुपये. आईबापांना खांद्यावर वाहणारा मुलगा म्हणजे सेवेची परिसीमा. पण ती कथा पुन्हा एकदा ऐका. त्या आंधळ्या आईबापांना घराबाहेर पडायचं होतं, तीर्थाला जायचं होतं. 'तुम्हाला दिसत नाही, ठेच लागेल, बसा घरी' असं श्रावण म्हणाला नाही. त्यानं कावड केली. आपण कथेतला खांदा उचलला आणि यात्रा गाळून टाकली. आणि जाता जाता: ते निवृत्तिवेतन काढायला बँकेत जायचं, तर तिथल्या गुळगुळीत पायऱ्यांना धरायला काही नसतं, आणि शेजारचा उतार इतका चढा असतो की त्यावरून चाकाची खुर्चीच काय, धट्टाकट्टा माणूसही बिचकत उतरेल.

सार्वजनिक पैसा कुठे जातो ते बघा. ७० च्या पुढच्या प्रत्येकाला २०२४ पासून आयुष्मान भारतमध्ये वर्षाला ५ लाखांपर्यंतच्या उपचाराचं कवच आहे. चांगलं आहे, हवंच होतं. म्हणजे जिजीचा खुबा मोडला तर सरकार लाखांत खर्च करायला तयार आहे. तो मोडू नये म्हणून? मुख्यमंत्री वयोश्री योजना आली, तीही २०२४ मध्येच. वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत असलेल्या ६५ वर्षांवरच्या माणसाला एकदाच ३,००० रुपये. कशासाठी, तर चष्मा, काठी, वॉकर, कमोड-खुर्ची, कमरेचा पट्टा. सगळ्या माणसाच्या अंगाला नाहीतर हाताला लावायच्या वस्तू. घराला काही लावायचं असतं हे त्या यादीला सुचलेलं दिसत नाही. आणि काठी तरी मापानं कोण देतं? मनगटाच्या उंचीला मूठ यावी एवढी साधी गोष्ट. मी पाहिलेल्या निम्म्या काठ्या एकतर फार उंच नाहीतर फार ठेंगण्या, आणि खालचं रबर झिजून गुळगुळीत झालेलं.

स्वच्छ भारतमध्ये घरोघर संडास झाले, १२,००० रुपयांचं अनुदान मिळालं. ते मोठं काम झालं हे नाकारण्यात अर्थ नाही. पहाटे अंधारात हागणदारीकडे चाललेल्या बायका ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना त्याची किंमत ठाऊक आहे. पण ते बांधले ते अंगणाच्या टोकाला, खड्ड्याची उंची राखायला दोन-तीन पायऱ्या वर, आत खाली बसायचं भांडं, आणि धरायला नळाच्या तोटीशिवाय काही नाही. त्या तोटीला धरून उठणाऱ्या म्हातारीचं काय होतं ते कोणत्याही प्लंबरला विचारा. भिंत बांधतानाच त्यात एक लोखंडी दांडा चिणून घेतला असता तर बारा हजारांत किती फरक पडला असता? काही शे रुपयांचा. आराखड्यात एक ओळ लागली असती. घरकुलांचे आराखडे अजून निघत आहेत, ती ओळ अजूनही घालता येईल. गावठाणातल्या कंत्राटदारानं जिन्याचा कठडा दाखवल्याशिवाय त्याला शेवटचा हप्ता देऊ नका, एवढं ग्रामपंचायतीला ठरवता येईल.

एसटीचं दुखणं तर सगळ्यांना माहीत आहे. २०२२ पासून ७५ च्या पुढच्यांना प्रवास फुकट, २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट. अमळनेर, पारोळा, साक्री, कुठल्याही स्थानकावर सकाळी उभं राहा. गाडी लागली की पहिली पायरी म्हातारीच्या गुडघ्याच्या वर असते. वाहक आतून 'चला, चला' करतो, मागचे रेटतात. फुकट तिकिटाची म्हातारी मग एकदोनदा असं झालं की जाणंच सोडते, आणि घरी सांगते, 'काय काम आहे आता तिकडे?' कोन खास आते, त्यातलाच प्रकार. सवलत कागदावर राहते. सवलतीवर कोट्यवधी रुपये जातात, तेव्हा फलाटाला लावायची एक हलकी लोखंडी पायरी ठेवायला पैसे नाहीत असं कोणी म्हणू नये.

उपाय माहीत नाहीत असंही नाही. न्यूझीलंडमधल्या ओटागो इथे १९९० च्या दशकात ८० आणि त्यापुढच्या वयाच्या बायकांना त्यांच्या घरीच व्यायाम शिकवले गेले. खुर्चीवरून हात न टेकता उठणं, आधाराला धरून टाचा उचलणं, रेषेवरून एकापुढे एक पाऊल टाकणं. २०१९ मध्ये शंभराहून जास्त चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या, तेव्हा अशा व्यायामानं पडण्याचं प्रमाण २३ टक्क्यांनी घटतं असं दिसलं. खुर्चीवरून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळून परत येऊन बसायचं; याला १२ सेकंदांहून जास्त लागले तर त्या माणसाकडे लक्ष द्यायला हवं, ही चाचणी आशाताई मोबाइलच्या घड्याळावर ओट्यावरच घेऊ शकते. आशाताईच्या डोक्यावर आधीच कामांचा डोंगर आहे हे मला माहीत आहे. नवं काम द्यायचं तर त्याचा मोबदलाही द्यावा.

धडगाव, अक्राणीकडे सातपुड्यात सत्तरीचे आजे-आज्या डोंगर उतरून आठवडे बाजाराला येताना दिसतात तेव्हा शहरातून गेलेले लोक 'काय काटक माणसं' म्हणतात. मला त्या कौतुकाची भीती वाटते. तिथे पडलेला माणूस रस्त्यापर्यंत झोळीतून आणावा लागतो. तो आपल्या कौतुकात दिसत नाही. पण एक खरं, रोज चढ-उतार करणाऱ्या पायांना चढ-उताराची सवय राहते.

आणि भीती जाते, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. श्रावणात कानबाई, आमच्या खानदेशातली देवी, बसते. रविवारी तिची स्थापना, रात्रभर जागरण, सोमवारी वाजतगाजत नदीवर विसर्जन. परवाच्या वर्षी जिजी ओट्यावर खुर्ची टाकून मिरवणूक बघत होती. कानबाई आमच्या दारासमोर आली, आणि गल्लीतल्या दोघी बायांनी येऊन जिजीचे हात धरले, ओढले नाहीत, नुसते धरले. जिजी तीन पायऱ्या उतरली आणि डफाच्या ठेक्यावर नाचली. पाचेक मिनिटं असेल. न्हाणीत भिंत धरून जाणारी बाई! मी धावलो, तर बहिणीनं मला मागे ओढलं. घरी आल्यावर जिजी म्हणाली, पाय दुखता, पन बरं वाटनं.

त्या दिवशी मी तिला विचारलं, बिबडे का सोडलेस ते खरं सांग. ती जरा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "जिनाले कठडा कोठे शे? तुम्ही माले धरतस. माले नका धरू, कठडा करा." म्हणजे घर बांधून अकरा वर्षं ती हे मनात ठेवून होती, आणि आम्ही तिच्या गुडघ्याला तेल चोळत होतो.

कठडा झाला. दोन्ही बाजूंनी, लोखंडी पाइपाचा, वेल्डरनं एका दिवसात लावून दिला. न्हाणीत दांडा बसवला, त्यावर ती आता ओलं लुगडंही वाळत घालते, त्याला मी आक्षेप घेणं सोडून दिलं आहे. संडासाच्या वाटेवर दिवा लावला. झोपेची गोळी डॉक्टरांनी हळूहळू बंद केली. गेल्या चैत्रात ती एका हातानं कठडा धरून, दुसऱ्या हातात काही न घेता, जिना चढली. पातेलं सुनेनं वर नेलं. मी खाली अंगणात उभा होतो आणि माझेच पाय लटपटत होते. वरून हाक आली, तीळ खालीच राहिले आहेत, घेऊन ये.